दिवसा कारकून, रात्री कॅप्टन

१९५२ च्या 'द क्वाएट मॅन'मध्ये एक अगदी छोटी जागा आहे. जुनाट हॅट घातलेला एक बुटका म्हातारा घोडागाडी हाकत कुणाचं तरी लग्न जुळवायला निघालाय. गावातल्या गुत्त्यापाशी घोडा आपोआप थांबतो. रोजचीच सवय. म्हातारा घोड्याकडे बघतो, माझ्यापेक्षा तुलाच अक्कल जास्त आहे अशा अर्थाचं काहीतरी त्याला ऐकवतो आणि उतरून आत जातो. काही सेकंदांचा मामला. सिनेमा जॉन वेन आणि मॉरीन ओहाराचा, प्रेम त्यांचं, मारामारी त्यांची; पण बघून उठल्यावर आमच्या घरात नक्कल झाली ती या गाडीवाल्याची.

त्याचं नाव बॅरी फिट्झजेराल्ड. आयरिश 'कॅरॅक्टर अ‍ॅक्टर'. हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण म्हणजे नेमकं काय असं विचारलं तर बहुतेक जण 'छोटी कामं करणारा नट' असं सांगून मोकळे होतात. हिंदीतून आलेला 'चरित्र अभिनेता' तर आणखीच घोटाळा करतो. एखाद्याला वाटावं, हा माणूस महापुरुषांच्या चरित्रपटांत कामं करत असेल.

साधा हिशेब असा आहे. नायकाला आपण ओळखीच्या चेहऱ्यासाठी बघायला जातो. तो पोलीस होवो की शेतकरी, आतून तोच हवा, नाहीतर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. कॅरॅक्टर अ‍ॅक्टरकडे मागणी उलटी. तो दारातून आत आला की या गल्लीत तीस वर्षं राहतोय असं वाटलं पाहिजे. त्याच्यासाठी थांबायला कथेकडे वेळ नसतो, म्हणून चाल, आवाज, हॅट काढायची तऱ्हा यांतूनच त्याला आख्खा माणूस उभा करावा लागतो. हे कसब कसं घडतं आणि घडल्यावर बाजार त्याचं काय करतो, दोन्ही गोष्टी फिट्झजेराल्डच्या आयुष्यात स्वच्छ दिसतात.

खरं नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म १० मार्च १८८८ चा, डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातला. वडील कामगार चळवळीतले, आई जर्मन, घर प्रोटेस्टंट. शिक्षण आटोपून तो सरकारी नोकरीत चिकटला आणि पुढे बेकारी विम्याच्या खात्यात कारकुनी करू लागला. धाकटा भाऊ आर्थर अ‍ॅबी थिएटरमध्ये नट होता. त्याच्या मागोमाग हाही संध्याकाळचा तिकडे जाऊ लागला. सरकारी नोकराने रात्री तोंडाला रंग लावलेला वरिष्ठांना रुचणार नव्हता, म्हणून त्याने 'बॅरी फिट्झजेराल्ड' हे नाव घेतलं. दिवसा शील्ड्स, रात्री फिट्झजेराल्ड. हे दुहेरी आयुष्य १९२९ पर्यंत चाललं. कचेरी सुटल्यावर तालमीला धावणारी आपल्याकडची हौशी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा माणूस लगेच कळेल.

आता हे अ‍ॅबी काय प्रकरण होतं ते बघू, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. हे नाट्यगृह २७ डिसेंबर १९०४ ला उघडलं. मागे कवी डब्ल्यू. बी. येट्स आणि लेडी ग्रेगरी. त्या काळी इंग्रजी रंगभूमीवर आयरिश माणूस यायचा तो एकाच साच्यातून निघालेला: दारुडा, बडबड्या, भांडखोर, मनाने चांगला पण अकलेने बेताचा. या साच्याला नावच पडलं होतं, 'स्टेज आयरिशमन'. हिंदी सिनेमातला मराठी हवालदार आणि कामवाली बाई आठवा, म्हणजे हे दुखणं वेगळं समजावायला नको. येट्स आणि मंडळींनी १८९७ च्या आपल्या जाहीरनाम्यातच म्हटलं होतं की आयर्लंड ही विदूषकीची आणि स्वस्त भावुकतेची भूमी नाही हे आम्ही दाखवून देऊ. म्हणजे अ‍ॅबी उभी राहिली तीच हा साचा फोडायला. एवढं ध्यानात ठेवा.

काम चालायचं रेपर्टरी पद्धतीने. नटसंच ठरलेला आणि नाटक बहुधा दर आठवड्याला बदलणार. मोजकीच माणसं, राजा, भिकारी, पाद्री, सावकार सगळे त्यांच्यातच वाटून घ्यायचे. या आठवड्यात मुख्य भूमिका, पुढच्या आठवड्यात निरोप आणणारा पोऱ्या. अशा कारखान्यात दहा-बारा वर्षं काढली की नटाकडे माणसांचा मोठा साठा जमतो. कुठला म्हातारा कसा खोकतो, कुठला बढाईखोर खुर्चीत कसा बसतो, सगळं आत जाऊन बसतं. त्यात अ‍ॅबीची एक जुनी शिस्त होती. फ्रँक आणि विली फे या भावांनी सुरुवातीच्या काळात ती लावली होती: एक जण बोलत असताना बाकीच्यांनी स्तब्ध राहायचं, उगाच हातवारे करायचे नाहीत. हे दोघे १९०८ मध्ये अ‍ॅबी सोडून गेले, शिस्त मात्र त्या रंगमंचावर मुरली. न बोलता नुसतं ऐकत उभं राहणं हे नाटकातलं सर्वांत अवघड काम, आणि पुढे कॅमेऱ्यासमोर सर्वांत उपयोगी पडलं ते तेच.

फिट्झजेराल्डची सुरुवात मात्र फजितीने झाली. शेरिडनच्या 'द क्रिटिक'मध्ये त्याला चार शब्दांचं एक वाक्य होतं. त्यातल्या 'मीट' आणि 'शुड' या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांची त्याने भर रंगमंचावर अदलाबदल केली. वाक्याचं पार भजं झालं आणि प्रेक्षक खो खो हसले. हा किस्सा त्याच्याबद्दल कायम सांगितला जातो, आणि त्याच रात्री तो विनोदी नट झाला अशी पुस्तीही जोडली जाते. मला ती पुस्ती फारशी पटत नाही. चुकून हशा मिळवणं वेगळं आणि तोच हशा ठरल्या क्षणी पुन्हा मिळवणं वेगळं, मधे कित्येक वर्षांची तालीम असते.

या वर्षांत बाहेर काय चाललं होतं तेही सांगायला हवं. १९१६ च्या ईस्टरला डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. आर्थर त्यात बंदूक घेऊन उतरला. ती बंदूक त्याने अ‍ॅबीच्या रंगमंचाखालीच लपवून ठेवलेली होती असं सांगतात. उठाव चिरडल्यावर त्याला वेल्समधल्या फ्रॉन्गॉखच्या छावणीत डांबलं. एक भाऊ क्रांतिकारक, दुसरा त्याच सरकारच्या खात्यात कारकून, आणि दोघे एकाच रंगमंचावर.

मग शॉन ओकेसी आला. डब्लिनच्या गरीब वस्तीत वाढलेला, अंगमेहनतीची कामं केलेला हा नाटककार चाळवजा इमारतींतली भाषा कानात घेऊन आला होता. ३ मार्च १९२४ ला त्याचं 'जुनो अँड द पेकॉक' अ‍ॅबीवर लागलं. दर आठवड्याला नाटक बदलायच्या रिवाजाला फाटा देऊन एका आठवड्यापेक्षा जास्त चाललेलं ते अ‍ॅबीचं पहिलं नाटक. त्यातला कॅप्टन बॉईल म्हणजे फिट्झजेराल्ड.

बॉईल स्वतःला कॅप्टन म्हणवतो. प्रत्यक्षात कधीतरी कोळशाच्या बोटीवरून लिव्हरपूलची फेरी केलेली, एवढीच त्याची दर्यावर्दी. काम मिळतंय अशी नुसती बातमी आली की त्याचे पाय दुखायला लागतात. बायको जुनो राबते आणि हा जॉक्सर नावाच्या चमच्याला घेऊन गुत्त्यात मोरासारखा मिरवतो. शीर्षकातला 'पेकॉक' म्हणजे डब्लिनच्या उच्चारातला मोर, तो हाच. इथे मला थांबून हसू येतं. दिवसभर बेकारीच्या अर्जांची कागदपत्रं हाताळणारा कारकून रात्री डब्लिनमधला सर्वांत नामांकित कामचुकार रंगवत होता! त्या खिडकीपलीकडून त्याने किती पाय दुखताना पाहिले असतील, कोण जाणे.

पण ही भूमिका हसवून संपत नाही. घराला वारसाहक्काचे पैसे मिळणार अशी आशा लागते, उधारीवर सामान येतं, मग मृत्युपत्राच्या ढिसाळ शब्दांमुळे सगळं बुडतं. मुलीला दिवस गेलेले, तिचा माणूस पळालेला. यादवी युद्धात हात गमावलेल्या मुलाला त्याचेच जुने साथीदार फितूर म्हणून नेऊन गोळी घालतात. जुनो मुलीला घेऊन कायमची निघून जाते. सामान उचलून नेल्यामुळे खोली ओकीबोकी. आणि त्या खोलीत बॉईल आणि जॉक्सर झिंगून झोकांड्या खात येतात. मुलगा मेलाय हे बापाला माहीतच नाही. खिशातलं शेवटचं नाणं तो खाली टाकतो आणि जडावलेल्या जिभेने म्हणतो की सगळ्या जगाची अवस्था म्हणजे भयंकर 'चॅसिस' आहे. त्याला म्हणायचं असतं 'केऑस', म्हणजे अनागोंदी. शब्दही धड येत नाही. प्रेक्षक त्या उच्चारावर हसतो आणि हसता हसता त्याला कळतं की आपण मेलेल्या पोराच्या घरात उभे आहोत. हशा आणायचा आणि तो घशात अडकवायचा, दोन्ही एकाच वाक्यात. बॉईल जरा जास्त विनोदी झाला तर नाटक तमाशा होतं, जरा जास्त करुण झाला तर खोटं वाटतं. कॅरॅक्टर अ‍ॅक्टरचं काम किती अवघड असू शकतं ते इथे बघावं. बॉईल हा नाटकाचा कणा आहे, त्याला कुणी 'छोटी भूमिका' म्हणणार नाही.

दोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९२६ ला, ओकेसीचं 'द प्लाव अँड द स्टार्स' आलं. विषय थेट १९१६ चा उठाव. त्यात फिट्झजेराल्ड फ्लदर गुड नावाचा पेताड सुतार झाला. 'डेरॉगेटरी' हा शब्द या सुताराचा लाडका, अर्थ न कळता जिथे तिथे घुसडतो. पण गोळ्या चालू असताना शेजारणीला शोधून आणायला बाहेर पडतो तोही हाच. ओकेसीने वीरांच्या शेजारी लुटालूट करणारे गरीब दाखवले, गुत्त्यात उठावाचे झेंडे आणले, एक वेश्या आणली. ११ फेब्रुवारीच्या प्रयोगात दंगल झाली. उठावात गेलेल्यांच्या घरच्या बायका निषेधाला आल्या होत्या, काही लोक थेट रंगमंचावर चढले. त्यातल्या एकाला फिट्झजेराल्डने ठोसा लगावून खाली लोळवला असं तेव्हाच्या हकिकतींत येतं. येट्सनी रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना सुनावलं की तुम्ही पुन्हा एकदा स्वतःची शोभा केलीत. 'पुन्हा' अशासाठी की १९०७ मध्ये जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराच्या नाटकावरही असाच गोंधळ झाला होता.

१९२८ मध्ये अ‍ॅबीने ओकेसीचं पुढचं नाटक, 'द सिल्व्हर टॅसी', नाकारलं. पुढच्या वर्षी ते लंडनला लागलं आणि त्यात काम करायला फिट्झजेराल्डने अखेर नोकरी सोडली. वय ४१. सरकारी नोकरी, पेन्शन, सगळ्यावर पाणी. त्या वयात पूर्णवेळ नट व्हायचं धाडस नायकाला परवडलं नसतं, कारण चाळिशीत त्याचा बाजार उतरायला लागतो. कॅरॅक्टर अ‍ॅक्टरचा तेव्हा कुठे सुरू होतो. सुरकुती हे त्याचं भांडवल.

पडद्यावरची पहिली पावलं मात्र विचित्र पडली. १९३० मध्ये हिचकॉकने 'जुनो'वर बोलपट केला. जुनो सारा ऑलगुडच होती, अ‍ॅबीवरचीच. कॅप्टन बॉईल मात्र एडवर्ड चॅपमन या इंग्रज नटाला मिळाला, आणि बॉईल ज्याने गाजवला त्याच्या वाट्याला आली रस्त्यात भाषण ठोकणाऱ्या वक्त्याची किरकोळ भूमिका. ती दोन-चार मिनिटं आज बघताना थोडी चुटपुट लागते.

अ‍ॅबीच्या मंडळींबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यांवर जाऊ लागला आणि तिथून हॉलिवूडचं दार उघडलं. दिग्दर्शक जॉन फोर्ड 'द प्लाव अँड द स्टार्स'वर सिनेमा करत होता (१९३६), त्याने फ्लदर गुडलाच बोलावलं. सिनेमा काही खास झाला नाही, पण फिट्झजेराल्ड तिकडेच राहिला. मग कामांची रांग लागली: 'ब्रिंगिंग अप बेबी'मध्ये बिबट्यासमोर येणारा दारुडा माळी, 'द लाँग व्हॉयेज होम'मध्ये खलाशी, 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'मध्ये चक्क वेल्समधला माणूस. स्टुडिओच्या यादीत तो 'आयरिश, वयस्कर, विनोदी' या खणात पडला. तिकडे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर मात्र त्याला १९३९ मध्ये 'द व्हाइट स्टीड'मधला कॅनन लॅव्हेल हा पाद्री मिळाला, आणि १९४० मध्ये त्याने पुन्हा कॅप्टन बॉईल केला, सारा ऑलगुडसोबतच.

१९४४ चा 'गोइंग माय वे' हा त्याच्या नावावरचा सर्वांत मोठा यशाचा शिक्का. न्यूयॉर्कमधलं एक कर्जबाजारी चर्च, तिथला हट्टी म्हातारा पाद्री फादर फिट्झगिबन आणि त्याला अलगद बाजूला सारायला पाठवलेला तरुण पाद्री, म्हणजे गायक-नट बिंग क्रॉस्बी. फिट्झजेराल्ड तेव्हा ५६ चा होता, पण चालतो, चिडतो, पुटपुटतो असा की वीस वर्षं जास्त वाटावीत. आणि कॅथलिकांचा हा लाडका पाद्री रंगवणारा नट होता प्रोटेस्टंट. शेवटी नाताळच्या आदल्या रात्री त्याची आयर्लंडमधली अतिवृद्ध आई दारात उभी राहते. ४५ वर्षांनी भेट. इतका वेळ तुरुतुरु चालणारा म्हातारा त्या क्षणी मोठं काहीच करत नाही. बघतो, पुढे जातो, आईच्या मिठीत लहान होतो. प्रसंग भावुक आहे, जरा जास्तच. पण अ‍ॅबीची ती स्तब्ध उभं राहण्याची शिस्त इथे कामी आली.

या भूमिकेने ऑस्करमध्ये एक पेच केला. सहायक अभिनयाची पारितोषिकं १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाली होती. सुरुवातीला सहायकांना बाहुलीही मिळत नसे, नुसता फलक मिळायचा. पूर्ण बाहुली मिळायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. 'मुख्य' कोण आणि 'सहायक' कोण याची चोख व्याख्या नव्हती, आणि एकाच कामाला दोन्हीकडे मत देऊ नये असा नियमही नव्हता. झालं असं की फादर फिट्झगिबनसाठी फिट्झजेराल्डला सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता अशी दोन्ही नामांकनं मिळाली. एकच नट, एकच भूमिका. मुख्य पारितोषिक क्रॉस्बीने नेलं, सहायक फिट्झजेराल्डने. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तर त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेता त्यालाच ठरवलं होतं. अकादमीने त्यानंतर नियम बदलला: एका भूमिकेला एकाच गटात नामांकन. मला तर वाटतं, मतदारांचा गोंधळ हेच त्या कामाचं खरं कौतुक होतं.

बाहुलीचीही एक कथा आहे. महायुद्धामुळे धातूची टंचाई, म्हणून त्या वर्षांत ऑस्कर रंग दिलेल्या प्लास्टरचे होते. फिट्झजेराल्डला गोल्फचा नाद. घरात स्टिकचा सराव करताना फटका बसला आणि ऑस्करचं मुंडकं उडालं. बदली बाहुली मिळाली म्हणे.

आता त्या ध्यानात ठेवलेल्या गोष्टीकडे येऊ. साचा फोडण्यासाठी जन्मलेल्या अ‍ॅबीचा हुकमी नट हॉलिवूडमध्ये जाऊन जगभरासाठी तोच साचा बनला: पाइप, हॅट, व्हिस्की, मिश्कील डोळे, खरखरीत डब्लिनी आवाज. आयर्लंडमध्ये यावर नाकं मुरडली गेली, आणि ते अगदीच चूक नव्हतं. बॉईलचा विनोद दारिद्र्यातून येतो, त्याला दुसरी काळी बाजू आहे. हॉलिवूडने ती काळी बाजू कापून हशा तेवढा ठेवला. पण सगळा दोष नटावर टाकणं मला जमत नाही. स्टुडिओ भूमिका वाटायचे, नट नाही. संधी मिळाली तेव्हा त्याने खणाबाहेर पाय टाकून दाखवला. 'अँड देन देअर वेअर नन'मधला त्याचा न्यायाधीश बघा, त्याच गोड आवाजात बर्फ आहे. किंवा १९४८ चा 'द नेकेड सिटी', न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेला. त्यात तो खुनाचा तपास करणारा पोलीस अधिकारी आहे, संपूर्ण सिनेमा त्याच्याभोवती फिरतो.

आणि 'क्वाएट मॅन'मध्ये साचा असला तरी तो भरलाय कसा, ते पाहण्यासारखं आहे. लग्नानंतरच्या सकाळी गाडीवाला नवदांपत्याच्या घरी येतो. रात्री नवरा-बायकोचं भांडण होऊन पलंग मोडलेला. याला भांडणाचा पत्ता नाही. तो मोडक्या पलंगाकडे बघतो, थबकतो, आणि आदराने दोनच शब्द उच्चारतो. दुसरा शब्द 'होमेरिक', जणू होमरच्या महाकाव्यातलाच पराक्रम! वाक्य लेखकाचं, हशा त्या थबकण्याचा. शिवाय याच सिनेमात आर्थर गावचा प्रोटेस्टंट पाद्री झालाय, म्हणजे दोन्ही भाऊ एकाच पडद्यावर.

चित्रण १९५१ च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग गावी झालं. त्याच जुलैत डब्लिनला अ‍ॅबी थिएटर आगीत भस्मसात झालं. त्या रात्री तिथे प्रयोग कशाचा झाला होता? 'द प्लाव अँड द स्टार्स'चा.

फिट्झजेराल्डने लग्न केलं नाही. १९५९ मध्ये तो डब्लिनला परत आला आणि जानेवारी १९६१ मध्ये तिथेच वारला. शेवटचा चित्रपट 'ब्रॉथ ऑफ अ बॉय', तोही आयर्लंडमध्ये केलेला. आयुष्यभर त्याला होता त्यापेक्षा म्हातारं करण्याची दिग्दर्शकांना खोडच होती. या वेळी तो ७१ चा होता, आणि भूमिका होती जगातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाची. टीव्हीवाले त्या म्हाताऱ्याचा वाढदिवस दाखवायला गावात येतात, आणि तो काही केल्या त्यांना दाद देत नाही.